अंबडच्या पॅनेलपासून पिंपळगावच्या राउटरपर्यंत: सी लायब्ररीचं बिल्ड कसं बसवायचं

लिबनोंद ही मी सांभाळते ती छोटी सी लायब्ररी. आरएस-४८५ च्या तारांवर (कारखान्यांतली सिरियल जोडणी) मॉडबस ही भाषा बोलणारे वीजमीटर आणि तापमान नियंत्रक वाचायचे, आकडे टिपायचे, पुढे पाठवायचे, एवढंच तिचं काम. ती चालते कुठे कुठे ते मात्र बघा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या सीएनसी शॉपमध्ये सुपरवायझरच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला जुना उबुंटू पीसी, सातपूरला पॅनेलमध्ये बसवलेला रास्पबेरी पाय, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधला सिमकार्डवाला ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) राउटर, ऑफिसातलं विंडोज आणि माझा मॅक. सोर्स एकच. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी मेकफाइल (कंपाइल कसं करायचं ते सांगणारी फाइल) ठेवली, तर दर दुरुस्तीला पाच जागी हात घालावा लागेल.

यासाठी मी ऑटोटूल्स वापरते, म्हणजे ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल. ऑटोकॉन्फ कॉन्फिगर डॉट एसी पासून कॉन्फिगर नावाची शेल स्क्रिप्ट बनवतं, ऑटोमेक मेकफाइल डॉट एएम पासून मेकफाइलीचा साचा, आणि लिबटूल प्रत्येक सिस्टिमवर लायब्ररी बनवायचं बघतो. ऑटोकॉन्फ डेव्हिड मॅकेन्झीने १९९१ मध्ये लिहायला घेतलं, त्यामुळे नव्या पोरांना ते आजोबांच्या काळातलं वाटतं. वाटू दे. मला त्यातली एक गोष्ट हवी असते: ज्याला सोर्सचा टारबॉल (एका फाइलीत बांधलेला गठ्ठा) द्यायचा त्याच्या मशीनवर शेल, मेक आणि कंपायलर असला की पुरे. ऑटोटूल्स त्याच्याकडे लागत नाहीत, पायथन लागत नाही, इंटरनेट तर नाहीच. शॉप फ्लोअरवरच्या पीसीला नेट नसतं, आणि ते नसावंच. गिऱ्हाईक मायक्रोसॉफ्टचाच कंपायलर वापरणार असेल, तर मात्र हा हट्ट सोडा आणि सरळ सीमेक हे दुसरं बिल्ड अवजार घ्या. विंडोजवर मी मिनजीडब्ल्यूने (विंडोजसाठीचं जीसीसी) बिल्ड करते, म्हणून माझं भागतं.

खाली मॅक्रो (ज्यांच्या जागी तयार कोड बसतो ती नावं) आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीत जातील, मॅक्रो सगळे मोठ्या अक्षरांत.

आधी प्रश्न नीट ठरवा

कोडमध्ये "लिनक्स असेल तर हे, नाहीतर ते" असं लिहायचा मोह आवरा. लिनक्स म्हटल्याने काहीच कळत नाही. सी ची मूळ लायब्ररी उबुंटूवर जीलिबसी असते, ओपनडब्ल्यूआरटीवर मसल. क्लॉक_गेटटाइम हे वेळ सांगणारं फंक्शन जीलिबसी २.१७ च्या आधी, म्हणजे २०१२ च्या शेवटापर्यंत, वेगळ्या आरटी लायब्ररीत होतं. पुढे ते मुख्य लायब्ररीत आलं. मॅकवर ते २०१६ च्या सिएरापासून मिळायला लागलं. नावावरून यातलं काय ओळखणार? भाड्याचं घर बघताना मालक मूळचा कुठला हे विचारून काय मिळतं, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारावं. कॉन्फिगर स्क्रिप्टही तेच करते. एक चिमुकला प्रोग्राम लिहून कंपाइल करून बघते आणि जमलं की नाही ते कॉन्फिग डॉट एच मध्ये नोंदवते.

मग कोडमधून एक फेरी मारा आणि कुठली गोष्ट सगळीकडे सारखी नाही ते कागदावर लिहा. लिबनोंदची यादी अशी झाली: टर्मिऑस हेडर (सिरियल पोर्टच्या सेटिंगचं) विंडोजवर नाही, आरएस-४८५ ची दिशा कर्नलकडून बदलून घेणारा टीआयओसीएसआरएस४८५ हा आयऑक्टल (ड्रायव्हरला द्यायची आज्ञा) फक्त लिनक्सवर, क्लॉक_गेटटाइम वर सांगितलं तसं, स्ट्रएनडप (मजकुराची ठरावीक लांबीपर्यंत प्रत काढणारं फंक्शन) मिनजीडब्ल्यूत नाही. संपली यादी. बाकीचं सगळं सी९९ (सी भाषेचं १९९९ चं प्रमाण) मध्ये बसतं, त्याची चाचणी करायची नाही. लोक दुसऱ्या प्रोजेक्टातून शंभर ओळींच्या चाचण्या उचलून आणतात, कॉन्फिगर दोन मिनिटं चालतं आणि त्यातल्या नव्वद उत्तरांकडे कोड ढुंकूनही बघत नाही.

यादीतून नाव खोडता आलं तर सगळ्यात उत्तम. मॉडबसचे रजिस्टर बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) येतात, रास्पबेरी पाय लिटल-एंडियन (छोटा बाइट आधी), आणि कित्येक स्वस्त राउटरांमधला एमआयपीएस प्रोसेसर पुन्हा बिग-एंडियन. त्यासाठी एसी_सी_बिगएंडियन हा मॅक्रो आहे. पण पहिला बाइट आठ घरं डावीकडे सरकवून त्याला दुसरा बाइट ऑर केला, की प्रोसेसर कुठलाही असो, उत्तर एकच येतं. चाचणीची गरजच उरत नाही.

कॉन्फिगर डॉट एसी

ही फाइल वरून खाली वाचली जाते आणि क्रमाला महत्त्व आहे. एसी_इनिट मध्ये नाव आणि आवृत्ती. मग एसी_कॉन्फिग_सोर्सडिर, त्यात सोर्समधल्या एखाद्या फाइलीचं नाव, म्हणजे भलत्याच फोल्डरात चालवलं तर लगेच कळतं. एएम_इनिट_ऑटोमेक ला फॉरेन हा पर्याय द्या, नाहीतर तो न्यूज, ऑथर्स, चेंजलॉग या फाइलींसाठी अडून बसतो. एसी_यूज_सिस्टिम_एक्स्टेन्शन्स कुठल्याही कंपाइल चाचणीच्या आधी. त्यानंतर एसी_प्रॉग_सीसी, एएम_प्रॉग_एआर आणि मग एलटी_इनिट; विंडोजची डीएलएल हवी असेल तर त्याला विन३२-डीएलएल हा पर्याय. प्रत्येक आर्ग्युमेंट चौकटी कंसात घाला. मागे एम४ हा मॅक्रो उलगडणारा प्रोग्राम बसलेला असतो आणि कंस नसेल तर तो स्वल्पविरामावरून वाक्य तोडतो.

आता यादीतले प्रश्न. हेडरसाठी एसी_चेक_हेडर्स. टर्मिऑस सापडलं तर सिरियलची पॉझिक्स फाइल, नाहीतर विंडोजची. ही निवड एएम_कंडिशनल ने मेकफाइलपर्यंत नेते. दोन्ही प्रकार एकाच फाइलीत इफडेफ टाकून कोंबू नका, सहा महिन्यांनी वाचवत नाही.

क्लॉक_गेटटाइमसाठी एसी_सर्च_लिब्ज वापरा, एसी_चेक_लिब नको. सर्च आधी काहीही न जोडता बघतो, जमलं नाही तरच आरटी जोडून बघतो. त्यामुळे नव्या उबुंटूवर उगाच जादा लायब्ररी लिंक होत नाही.

आयऑक्टलसाठी एसी_चेक_डेक्ल्स, आणि सिस/आयऑक्टल डॉट एच हे हेडर त्याला सोबत द्या. इथे एक खाचखळगा आहे. हेडरच्या चाचणीत गोष्ट नसेल तर कॉन्फिग डॉट एच मधलं हॅव ने सुरू होणारं नाव अजिबात डिफाइन होत नाही. डेक्लच्या चाचणीत मात्र ते नेहमीच डिफाइन होतं, शून्य किंवा एक. म्हणून तिथे इफडेफ नाही, नुसतं इफ लिहायचं. इफडेफ लिहिलंत तर मॅकवरही कोड आयऑक्टल आहे असंच धरून चालेल आणि बिल्ड फुटेल.

स्ट्रएनडपसाठी एसी_रिप्लेस_फंक्स. फंक्शन नसेल तर आपण लिहिलेली स्ट्रएनडप डॉट सी बिल्डमध्ये ओढली जाते.

ऑटोस्कॅन नावाचं अवजार कोड वाचून मॅक्रो सुचवतं. त्याने सुचवलेला एसी_फंक_मॅलॉक घेऊ नका. मॅलॉकला शून्य दिल्यावर नल न मिळता खरा पॉइंटर मिळतो का, हे तो प्रोग्राम चालवून बघतो. क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्यासाठी बिल्ड करताना, प्रोग्राम चालवता येत नाही, मग तो अंदाज बांधतो, आणि ओळखीची सिस्टिम नसेल तर "नाही" धरून मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक घालतो. ते तुम्ही लिहिलेलं नसतं. लिंकर ओरडतो, आणि कोडमध्ये शोधावं तर हे नाव कुठेच सापडत नाही. मॅलॉक(शून्य) वर अवलंबून राहायचं नाही, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

शेवटी एसी_कॉन्फिग_हेडर्स, एसी_कॉन्फिग_फाइल्स, एसी_आउटपुट. कॉन्फिग डॉट एच प्रत्येक सी फाइलीत सगळ्यात पहिलं इन्क्लूड करा, पण लोकांना देता त्या नोंद डॉट एच मध्ये कधीही नाही. ते हेडर इन्स्टॉल होतं, कॉन्फिग डॉट एच होत नाही. झालं असतं तरी त्यातली पॅकेज, व्हर्जन ही नावं वापरणाऱ्याच्या कॉन्फिग डॉट एच शी भांडली असती.

मेकफाइल डॉट एएम

लिब_एलटीलायब्ररीज मध्ये लिबनोंद डॉट एलए, तिचे सोर्सेस, इन्क्लूड_हेडर्स मध्ये नोंद डॉट एच. एलडीफ्लॅग्ज मध्ये -नो-अनडिफाइन्ड हवाच. तो नसेल तर विंडोजवर लिबटूल डीएलएल न बनवता फक्त स्टॅटिक लायब्ररी देतो. सीफ्लॅग्ज हे वापरणाऱ्याचं, आपण त्याला हात लावायचा नाही. आपले फ्लॅग एएम_सीफ्लॅग्ज मध्ये.

-व्हर्जन-इन्फो वर लोक हमखास गडबडतात, कारण त्यात पॅकेजची आवृत्ती घालतात. ते तीन आकडे म्हणजे करंट, रिव्हिजन, एज, आणि त्यांचा संबंध फक्त इंटरफेसशी. सुरुवात ०:०:० ने. नुसती आतली दुरुस्ती केली तर ०:१:०. नवं फंक्शन दिलं, जुनं सगळं तसंच, तर १:०:१. एखादं फंक्शन काढलं किंवा त्याचे आर्ग्युमेंट बदलले, तर २:०:०. लिनक्सवर फाइलीच्या नावातला पहिला आकडा करंट वजा एज असतो, म्हणून दुसऱ्या पायरीलाही तो शून्यच राहतो आणि अंबडच्या पीसीवरचा जुना प्रोग्राम पुन्हा लिंक न करता चालतो. तिसऱ्या पायरीला तो २ होतो आणि जुना प्रोग्राम नवी लायब्ररी उचलतच नाही. हेच तर हवं असतं.

नोंद डॉट पीसी ही पीकेजी-कॉन्फिगची (लायब्ररी लिंक करायला काय लागतं ते सांगणारं अवजार) फाइलही द्या. आरटी लागत असेल तर ती लिब्ज-प्रायव्हेट मध्ये, म्हणजे फक्त स्टॅटिक लिंक करणाऱ्याला ती मिळते.

चालवून बघा

ऑटोरीकॉन्फ --फोर्स --इन्स्टॉल. मग सोर्सच्या बाहेर वेगळा फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवा, मेक, मेक चेक. प्रत्येक मशीनसाठी एक फोल्डर, सोर्स स्वच्छ राहतो.

एक उदाहरण जवळून बघू. उबुंटूवर कॉन्फिगर म्हणतं, "चेकिंग फॉर स्ट्रएनडप... नो". उबुंटूवर स्ट्रएनडप नाही? असं कसं होईल? पडद्यावर एवढीच ओळ दिसते, खरी हकिगत कॉन्फिग डॉट लॉग मध्ये असते. ती फाइल तळापासून वाचू नका, तिथे नुसती व्हेरिएबलांची जंत्री असते. त्यात "स्ट्रएनडप" शोधा. तिथे कंपायलरला दिलेली पूर्ण आज्ञा, त्याची तक्रार आणि फसलेला कॉन्फटेस्ट प्रोग्राम, तिन्ही मिळतात. तक्रार अशी की बिल्ट-इन स्ट्रएनडपशी टाइप जुळत नाही. आणि आज्ञेत -डब्ल्यूएरर, म्हणजे वॉर्निंगला एरर मानणारा फ्लॅग. चाचणीचा प्रोग्राम फंक्शनची मुद्दाम खोटी घोषणा करतो, त्यावर एरवी फक्त वॉर्निंग येते. कोणी सीफ्लॅग्ज मध्ये -डब्ल्यूएरर टाकून कॉन्फिगर चालवलं की तिची एरर होते आणि उत्तर "नो". -डब्ल्यूएरर लावायचाच असेल तर कॉन्फिगरला नाही, मेकला द्या. आणि रिलीजमध्ये तर कधीच नको, पुढच्या वर्षीचा कंपायलर कशावर कुरकुरेल ते कोणाला ठाऊक.

पायसाठी कॉन्फिगरला --होस्ट=आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ द्या, राउटरसाठी त्याच्या टूलचेनचं नाव. होस्ट म्हणजे जिथे लायब्ररी चालणार ते मशीन. --टार्गेट कंपायलर लिहिणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर हे व्हेरिएबल त्या मशीनच्या फोल्डरकडे वळवा, नाहीतर तो लॅपटॉपवरच्याच लायब्ररी शोधून देईल. झाल्यावर फाइल ही आज्ञा चालवून प्रोसेसरचं नाव वाचा. आर्म किंवा एमआयपीएस दिसायला हवं. एक्स८६ दिसलं तर क्रॉस कंपायलर सापडलाच नव्हता आणि कॉन्फिगर गुपचूप इथल्या जीसीसीवर आलं होतं. वर एक वॉर्निंग दिलेली असते, ती कोणी वाचत नाही.

बाहेर पाठवताना

मेक डिस्टचेक. हे झाल्याशिवाय टारबॉल कोणाला देऊ नका. तो टारबॉल बनवतो, उलगडतो, सोर्स फक्त वाचण्यापुरता ठेवतो, वेगळ्या फोल्डरात बिल्ड करतो, चाचण्या चालवतो, तात्पुरत्या जागी इन्स्टॉल करतो, अनइन्स्टॉल करतो आणि मागे काही उरलं का ते बघतो. सोर्सेसमध्ये एखादं आतलं हेडर लिहायचं राहिलं, तर तुमच्याकडे बिल्ड होत राहतं, कारण फाइल तिथे असतेच. इथे मात्र ते लगेच फुटतं. सातपूरच्या शॉपमध्ये फुटण्यापेक्षा घरी फुटलेलं बरं.

कॉन्फिगर स्क्रिप्ट मी गिटमध्ये ठेवत नाही, ती फक्त टारबॉलमध्ये असते. पण एक्सझेड या कॉम्प्रेशन अवजाराच्या २०२४ च्या प्रकरणानंतर इथे एक पायरी वाढवली आहे. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमधलं मागचं दार उघडणारी एम४ फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती, आणि इतक्या लांबलचक यंत्रनिर्मित स्क्रिप्टा कोण वाचणार. म्हणून टारबॉल नेहमी टॅगवरून, ताज्या क्लोनमधून बनवते आणि त्याचा एसएचए-२५६ (फाइल बदलली का ते ओळखायचा ठसा) टारबॉलसोबत नव्हे, वेगळ्या वाटेने पाठवते.

पलीकडच्या माणसाला सांगायचं एवढंच: उलगडा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, आणि लिनक्सवर शेवटी एलडीकॉन्फिग, म्हणजे नव्या लायब्ररीची सिस्टिमकडे नोंद. तो विसरला तर लायब्ररी सापडत नाही म्हणून फोन येतोच. दुसऱ्या कुठल्या तक्रारीचा फोन आला, तर पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो नको, कॉन्फिग डॉट लॉग पाठवा म्हणा.