उन्हाळ्यात विदर्भ, गाडीत फ्रिज: निघण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी गाडीत फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते पाहा, पुढचं सगळं त्यावरून ठरतं. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला असेल तर काम सोपं. काही मोटरहोममध्ये गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज असतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम वीस-पंचवीस अंश खाली उतरतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ला टेकला की आत वीसच्या वरच राहणार, म्हणजे दूध नासणार. मार्च लागल्यावर अशा फ्रिजच्या भरवशावर निघूच नये. निघालातच तर गाडी हलण्याआधी गॅस सिलिंडरपाशीच बंद करा, नुसता फ्रिजचा खटका फिरवून भागत नाही. पांदण रस्त्याच्या हादऱ्यांनी नळीचे जोड सैल होतात, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गाडीच्या तळाशी साचतो, आणि पेट्रोल पंपावर पेटती ज्योत घेऊन जाणं म्हणजे आपणहून संकट ओढवणं. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. चालत्या गाडीत हा फ्रिज १२ व्होल्टवर ठेवा, पण त्याची कॉइल सलग १२० ते १७० वॉट खाते. इंजिन बंद होताच तिची वीज तोडणारा रिले नसेल तर दुपारच्या जेवणानंतर गाडी स्टार्ट होणार नाही.

घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवण्याचा मोह टाळा. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो, म्हणून इन्व्हर्टर मोठा लागतो, आणि असा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दिवसाला दोन-तीनशे वॉट-तास गिळतो.

आता हिशेब. ५० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ५० वॉट घेतो. हिवाळ्यात तो दिवसाचा एक तृतीयांश वेळ चालतो. मे महिन्यात तापलेल्या गाडीत दोन तृतीयांश चालतो, म्हणजे १६ तास, ८०० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तासांची असते, त्यातले हजार वापरायला धरा: एक दिवस आणि वर थोडं. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर (शिसं-आम्लाची) बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणून तीही ९०० च्या आसपासच देते, वजन मात्र पन्नास किलोच्या घरात. शिवाय चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. झोपायच्या जागेखाली तिला ठेवू नका, कप्प्याला वरून बाहेर हवा जाऊ द्या.

छतावर सपाट बसवलेलं २०० वॉटचं पॅनल मे महिन्यात, धूळ आणि तापलेल्या काचेची घट धरून, ७०० ते ८०० वॉट-तास देतं. श्रावणात त्याच्या निम्मंच धरा. उरलेलं इंजिनकडून घ्या, पण गाडीची मूळ आणि फ्रिजची वेगळी अशा दोन्ही बॅटऱ्या नुसत्या वायरने जोडून नव्हे. नव्या बीएस-सहा गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज करणारं यंत्र) मधूनमधून व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे दुसरी बॅटरी अर्धवटच भरते, आणि लिथियम बॅटरी थेट जोडली तर अल्टरनेटर जास्त ताणाने तापतो. मध्ये २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवा, तो गाडीच्या विजेचं व्होल्टेज दुसऱ्या बॅटरीला हवं तसं करून देतो. दोन तासांच्या सलग रस्त्यात तो पाचशे वॉट-तास भरतो. नागपूरहून समृद्धीने निघालात तर वाशिमच्या अलीकडेच एवढं जमा होतं.

खरी गोची वायरमध्ये असते. फिटिंगवाला म्हणेल, पाच अँपिअरला दीड स्क्वेअर एमएम भरपूर झाली. घरच्या २३० व्होल्टला ते खरं आहे, १२ व्होल्टला नाही. बॅटरी फ्रिजपासून पाच मीटरवर असली की जाण्या-येण्याची वायर दहा मीटर. दीडच्या तांब्याच्या वायरीत ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट गळतात, कॉम्प्रेसर उचल घेताना त्याच्या दुप्पट. बॅटरी १२.२ दाखवत असताना फ्रिजला ११ च मिळतात, त्याचं संरक्षण त्याला बंद पाडतं, आणि माणूस बॅटरी बदलायला धावतो. ६ स्क्वेअर एमएम ओढली की गळती ०.१५ वर येते. फ्रिजच्या वायरीला १५ अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूज वायरीला वाचवतो, फ्रिजला नव्हे, म्हणून फ्रिजच्या तोंडाशी बसवलेल्या फ्यूजला अर्थ नाही. डीसी-डीसी चार्जरला १० स्क्वेअर एमएम आणि दोन्ही बॅटऱ्यांपाशी ४० अँपिअरचा एकेक फ्यूज. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) क्रिम्पिंगच्या पान्यानेच दाबा. पकडीने चेपलेलं थिंबल आठवडाभराच्या हादऱ्यात सैल होतं आणि तिथेच जळतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर फ्रिज कायमचा ठेवू नका, खड्ड्यांत पिन हलते, ठिणग्या पडतात, प्लास्टिक वितळतं. अँडरसन प्लग (जास्त करंटसाठीचा घट्ट बसणारा प्लग) लावा. वायरी फ्लेक्सिबल पाइपातून न्या. धुऱ्याजवळ दोन रात्री मुक्काम पडला तर उंदीर त्या शोधून काढतातच.

फ्रिजच्या जाळीमागे चार बोटं मोकळी जागा सोडा. कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्याकडेचं पिंजार पंख्यात गुंततं, तेव्हा जाळी रोज ब्रशने झाडा. उन्हाळ्यात गाडी निंबाच्या सावलीत आणि पॅनल उन्हात, अशी सोय हवी: १०० वॉटचं एक घडीचं पॅनल आणि ४ स्क्वेअर एमएमची दहा मीटर केबल जवळ ठेवा. बॅटरीचा कप्पाही सावलीच्या बाजूला असू द्या. लिथियमचे सेल ५०-६० अंशांच्या दरम्यान गेले की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) चार्जिंग तोडतं. भर दुपारी चार्जिंगच्या मीटरवर शून्य दिसलं तर पॅनलवर शंका घेण्याआधी बॅटरीला हात लावून पाहा.

गावात, ढाब्यावर किंवा लॉजवर वीज घ्यायची तर आधी मल्टिमीटर. संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं, शेतीचे पंप एकदम बंद झाले की २६० ला चढतं. २०० ते २५० च्या बाहेर असेल तर जोडू नका, किंवा स्टॅबिलायझरमधून जोडा. फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे. तसं नसेल तर अर्थिंग नुसतं नावाला आहे, आणि गाडीचा पत्रा करंट मारू शकतो. गाडीच्या आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, त्याचं टेस्ट बटण निघण्याआधी दाबून पाहा. ओळखीच्या शेतकऱ्याने विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमधून वायर काढून देतो म्हटलं तरी नको म्हणा. धोका आहेच, आणि शेतीच्या जोडणीतून दुसऱ्या कामाला वीज घेणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतं, त्याचा भुर्दंड त्या शेतकऱ्याच्या माथी. तारेवर आकडा टाकणं तर कलम १३५ खाली सरळ चोरी. जनरेटर असेल तर गाडीपासून लांब, वारा धूर गाडीपासून दूर नेईल अशा बाजूला, खिडक्या लावून. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर लावून ४ अंशांवर आणा, आत भरायचं तेही गार करून. सावजीचं उरलेलं गरम पातेलं आत ढकललं तर कॉम्प्रेसर तासन्‌तास थांबत नाही. इन्सुलिन असेल तर २ ते ८ अंश, बर्फाला आणि मागच्या भिंतीला न टेकवता. दोन-तीन बाटल्या पाणी गोठवून न्या. फ्रिजचं बॅटरी-संरक्षण (बॅटरी उतरली की फ्रिज बंद करणारी सेटिंग) गाडीच्या मूळ बॅटरीवर असाल तर ‘हाय’वर, वेगळ्या बॅटरीवर ‘मीडियम’वर. मेळघाटात शिरणार असाल तर परतवाड्यालाच १५ आणि ४० चे दोन-दोन फ्यूज, थिंबल आणि टेप घेऊन ठेवा. सेमाडोह-हरिसालला हे शोधत बसावं लागेल. पहिल्या थांब्यावर फ्यूज होल्डर, थिंबल आणि प्लग यांना हात लावा. कोमट असेल तर चालेल, पण बोट ठेववत नसेल तर तो जोड तिथेच उघडून पुन्हा करा.