लॅपटॉप घेताना नुसतं आय५ बघू नका
आय५ हा इंटेलचा प्रोसेसर, त्याच्या पूर्ण नावाच्या शेवटचं अक्षर वाचा आधी. यू असेल तर बेस पॉवर (नेहमीच्या कामाला धरलेली वीज) साधारण १५ वॅट, बॅटरी टिकते, एक्सेल-ब्राउझिंगला भरपूर झालं; एच म्हणजे ४५ वॅट, व्हिडिओ एडिटिंगला दमदार पण पंखा बोंबलतो आणि चार्जर म्हणजे वीटच. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, रायझन ५ ७५२०यू मधला तो २ म्हणजे झेन २, प्रोसेसरचं २०१९ चं डिझाइन, ७५३०यू असेल तर त्यापुढचं झेन ३ (माझा भाऊ इथेच फसला, दुकानदार म्हणे "नवीनच आहे की"). ग्राफिक्स? गेम किंवा ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) नसेल तर वेगळं कार्ड नकोच, त्या पैशात रॅम १६ जीबी करा, शक्यतो ८-८ च्या दोन स्टिक, इनबिल्ट ग्राफिक्स रॅमच खातं ना. आरटीएक्स ४०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलंच तर वॅट विचारा, तेच कार्ड ३५ पासून ११५ वॅटपर्यंत येतं.