१,४२,८५७ : मोठ्या संख्येचे गुणधर्म वहीत कसे तपासावेत

हर्षद संख्या (अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) आणि कापरेकर संख्या (जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत येते) या दोन्ही कल्पना गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांच्या. त्यांचा जन्म १९०५ सालचा, आपल्या डहाणूतला. १,४२,८५७ ही संख्या दोन्ही कसोट्यांना उतरते, म्हणून सरावाला हीच घ्यावी. वहीचं एक पान पुरतं.

आधी मूळ अवयव काढा. शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने भाग जातो : १५,८७३. त्याच्या अंकांची बेरीज २४, म्हणून पुन्हा ३ ने भागा : ५,२९१. इथे बेरीज १७ येते, ३ संपला. ७ ने भागल्यास बाकी ६. ११ साठी अंक एकाआड एक वजा-अधिक करा : १−९+२−५ = −११, म्हणजे भाग जातो. उरले ४८१, म्हणजे १३ × ३७.

दर भागाकारानंतर वर्गमूळ नव्याने पाहावं. १,४२,८५७ साठी ३७७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या; ४८१ ला २१ पर्यंतच्या पुरतात. हे न केल्यानेच बहुतेकांचा वेळ फुकट जातो.

उत्तर : ३³ × ११ × १३ × ३७. घातांकांत एकेक मिळवून गुणा, ४ × २ × २ × २ = ३२ विभाजक.

पडताळा फार सुरेख आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा : १४२ आणि ८५७. लाखाचा स्वल्पविराम इथे विसरायचा, नाहीतर ४२ चा गट धरला जातो आणि सगळं चुकतं. ७, ११ आणि १३ साठी गटांची वजाबाकी पाहा, ७१५ : तिला ११ आणि १३ ने भाग जातो, ७ ने नाही. २७ आणि ३७ साठी बेरीज पाहा : ९९९, म्हणजे २७ × ३७. चारही अवयव दोन ओळींत हाती येतात.

हर्षद म्हणजे अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी संख्या. १,४२,८५७ ÷ २७ = ५,२९१, म्हणून ही हर्षद. पण बेरीज २७ आली म्हणजे २७ ने भाग जातोच असं नाही. १,८९९ च्या अंकांची बेरीजही २७च, तरी बाकी ९ उरते. बेरजेचा नियम ३ आणि ९ पुरताच. इथे भागाकार करूनच पाहावा.

कापरेकर कसोटीला वर्ग लागतो. तो अकरा अंकी आहे, त्यामुळे दुकानातला आठ अंकी कॅल्क्युलेटर उपयोगाचा नाही. १४२ आणि ८५७ हे गट वापरा : १४२² = २०१६४, दुप्पट गुणाकार २४३३८८, ८५७² = ७३४४४९. पहिल्यापुढे सहा शून्यं, दुसऱ्यापुढे तीन, मग बेरीज : २०४०८१२२४४९. १,४२,८५७ सहा अंकी, म्हणून वर्गाचे उजवीकडचे सहाच अंक तोडायचे, मधोमध नाही. २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.