एचएसके सहावी: व्याकरणाच्या तयारीची यादी

एचएसके म्हणजे चिनी भाषेची पातळीनुसार होणारी परीक्षा. सगळ्यात आधी आपण नेमक्या कोणत्या परीक्षेला बसतोय ते पाहून घ्या. 2021 च्या नव्या मानकात पातळ्या नऊ झाल्या, आणि सात ते नऊ या तिन्हींची मिळून एकच परीक्षा असते. इथे लिहितोय ते सगळं जुन्या सहाव्या पातळीच्या पेपराबद्दल. पेपर हाताने लिहायचा की कॉम्प्युटरवर, हेही आत्ताच ठरवा. चिनीत ‘द’ असा उच्चार असलेली तीन अक्षरं आहेत: एक नामाआधी येतं, एक क्रियापदाआधी, एक क्रियापदानंतर. कॉम्प्युटरवर ती समोर दिसतात, त्यातून निवडायचं. कागदावर आठवावी लागतात.

मग एक वही फक्त बिंगजूसाठी ठेवा. शब्दशः अर्थ ‘आजारी वाक्य’. वाचनाच्या 50 पैकी पहिले 10 प्रश्न हेच: चार वाक्यं, त्यातलं बिघडलेलं ओळखा. आजार ठरावीकच असतात, म्हणून वाक्यापुढे उत्तर न लिहिता आजाराचं नाव लिहा. ‘थोंगग्वो’ने (‘च्या माध्यमातून’) सुरुवात आणि पुढे ‘श’ (‘करायला लावणं’) हे सगळ्यात जुनं दुखणं. ‘या सहलीमुळे मला शिकवलं’ म्हटल्यावर आपण विचारू, शिकवलं कुणी? तिथेही कर्ताच हरवलेला असतो. दोनपैकी एक शब्द काढला की सापडतो. ‘सुमारे दहाच्या आसपास’ छापाची द्विरुक्ती दुसरी. तिसरी ‘बूदान’ची (‘नुसतंच नव्हे तर’) जागा: दोन्ही भागांचा कर्ता एकच असेल तर तो ‘बूदान’च्या आधी, वेगवेगळे असतील तर नंतर. हे एवढं पाठ केलं तरी चालेल.

खरा वेळ क्रियापदाच्या शेपटांना द्या, म्हणजे क्रियापदामागे लागून त्याचा परिणाम सांगणाऱ्या छोट्या शब्दांना. इंग्रजीतून शिकताना मला ही भयंकर वाटायची. मराठीत विचार केला तेव्हा उलगडली. ‘जाओ’ म्हणजे शोधणं, ‘जाओदाओ’ म्हणजे सापडणं. ‘मेइ जाओदाओ’ म्हणजे सापडलं नाही, आणि ‘जाओ बू दाओ’ म्हणजे चक्क आपलं ‘सापडेना’! ‘दा बू खाय’ म्हणजे उघडेना. होकारार्थी करायचं तर ‘बू’च्या जागी ‘द’, तोच क्रियापदानंतरचा. रोज पाच क्रियापदं घ्या आणि प्रत्येकाची ही चारही रूपं मोठ्याने म्हणा.

ते जमल्यावरच ‘बा’ची वाक्यं, म्हणजे ज्यात ‘बा’ लावून कर्म क्रियापदाच्या आधी आणतात ती. ‘बा’नंतरची वस्तू बोलणाऱ्याला ठाऊक असलेली हवी, क्रियापद एकटं सोडायचं नाही, नकार ‘बा’च्या आधी. आणि ‘उघडेना’ हे रूप इथे चालत नाही. ‘दार (मन) उघडलं नाही’ म्हणताना ‘मेइ बा मन दाखाय’ बरोबर, पण ‘बा मन दा बू खाय’ म्हणालात की वाक्य आजारी. मी हेच कितीदा केलंय, विचारू नका.

जोडशब्दांच्या जोड्या आपल्याला सोप्या जातात, कारण ‘जरी’ आलं की ‘तरी’ येणार याची सवय आहे. एक मेख मात्र आहे: घडून गेलेल्या गोष्टीला ‘स्वेइरान’, नुसत्या कल्पनेला ‘जीश’. आपलं ‘जरी’ दोन्हीकडे चालतं, म्हणून गोंधळ इथेच होतो.

लेखनासाठी घड्याळ लावूनच सराव करा. साधारण 1000 अक्षरांचा मजकूर 10 मिनिटांत वाचायचा, टिपणं काढायची नाहीत, मग तो काढून घेतात आणि 35 मिनिटांत 400 च्या आसपास अक्षरांत सारांश लिहायचा. स्वतःचं मत घालायचं नाही. इथे अवघड रचना मिरवू नका. ज्या वाक्याची खात्री नाही त्याची दोन छोटी वाक्यं करा.

शेवटचे आठ दिवस पूर्ण वाचन विभाग 50 मिनिटांत सोडवा, पण बिंगजू शेवटी घ्या. आधी घेतले तर तेच निम्मा वेळ खातात, आणि शेवटचे उतारे, जे खरं तर जास्त सोपे असतात, ते राहून जातात.