बडोद्याहून जॉकी व्हायचं, तर आधी काट्यावर उभे राहा

पहिली परीक्षा घरच्या वजनकाट्यावरच होते. रेसमध्ये प्रत्येक घोड्याने किती वजन घेऊन धावायचं हे हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांना वजनं वाटून देणारा रेसचा अधिकारी, ठरवतो. तळाचं वजन 50 किलोच्या आसपास असतं, वरचं 60च्या पुढे. या आकड्यात जॉकी, त्याचे कपडे, बूट आणि खोगीर एवढं सगळं धरलेलं असतं. हेल्मेट आणि चाबूक मोजत नाहीत. रेसचं खोगीर अर्ध्या किलोच्या आगेमागे असलं, तरी सगळं सामान मिळून दीड-दोन किलो होतंच. म्हणजे 50 किलोवाला घोडा मिळायचा तर अंगचं वजन 48 हवं. वजन कमी भरलं तर खोगिराखालच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालता येतात. जास्त भरलं तर मात्र उपाय नाही, घोडा दुसऱ्याकडे जातो.

त्यातून शिकाऊ जॉकीला, म्हणजे अप्रेंटिसला, काही किलोंची सवलत मिळते. जिंकलेल्या रेस वाढत गेल्या की ती टप्प्याटप्प्याने कमी होते. नव्या पोराला ट्रेनर घोडा देतो तो बहुतेक वेळा या सवलतीच्या लोभानेच. अंगाने 52 भरणाऱ्या पोराची सवलत कमी वजन मिळालेल्या घोड्यांवर वाया जाते, मग ट्रेनर त्याला कशाला विचारेल? म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी वजन 40 ते 44 किलो आणि उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल तरच या वाटेला लागावं. आई-वडील, मामा, काका यांची उंचीही पाहा. चौदाव्या वर्षी नऊ नंबरचा बूट लागत असेल, तर पोरगा अजून वाढणार. अशा मुलाने शो जंपिंग किंवा पोलोकडे वळावं, तिथे किलो-किलोचा हिशेब नसतो.

बडोद्यात काय करता येईल? बरंच. दांडिया बाजारात जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा आहे, आणि जॉकीला मल्लखांबासारखा व्यायाम नाही. मांड्यांची पकड, पोटाची ताकद, उलटं लटकून तोल सावरणं, सगळं अंग न फुगवता येतं. जिममध्ये जड वजनं उचलू नका, स्नायूंचंही वजन काट्यावर दिसतं. त्याच्या जोडीला रोज वाकलेली बैठक धरा: पावलांच्या पुढच्या भागावर उभे, गुडघे वाकलेले, पाठ जमिनीला समांतर, नजर समोर. आधी 30 सेकंद, चार वेळा. तीन महिन्यांत सलग तीन मिनिटांवर यायला हवं. 2400 मीटरची डर्बी अडीच मिनिटांच्या आसपास संपते, आणि तेवढा वेळ बूड खोगिराला टेकवायचं नसतं.

घोड्यावर बसण्याचा सराव घोडदळ पोलिसांकडे किंवा एखाद्या रायडिंग क्लबात मिळतो का ते विचारा. आपल्याकडे काठियावाडी आणि मारवाडी घोडे भेटतात, त्यांतले बरेच रेवाल चालीचे. रेवालीत स्वार आरामात बसून राहतो, पाणी हिंदकळत नाही म्हणतात तसं. रेसचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच जोपासलेल्या जातीचा घोडा, गॅलप करतो, म्हणजे भरधाव पळतो, तिथे ही बसायची सवय नडते. म्हणून दुडकीवर उठबस करायला लावणारा शिक्षक शोधा. वरातीची घोडी फिरवून आलेला आत्मविश्वास मात्र रेसच्या तबेल्यात पहिल्याच सकाळी उतरतो.

पुढचं शिक्षण बाहेरगावीच. 1943 साली पहिली इंडियन डर्बी जिंकणारी 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' बडोद्याच्या महाराजांची होती, 1947 साली इंग्लंडची सेंट लेजर जिंकणारा 'सयाजीराव' घोडाही त्यांचाच. दोघांच्या पाठीवर ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट होता. आज गावात रेसच नाही, त्यामुळे सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. त्यांचा मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई सेंट्रलला उतरलात, की लोकलचं पुढचंच स्टेशन महालक्ष्मी आणि तिथेच रेसकोर्स. पण तबेल्यात परवानगीशिवाय कोणी सोडत नाही. आधी क्लबच्या कार्यालयाला पत्र लिहून शिकाऊ जॉकींची भरती कधी आहे ते विचारा आणि वय, वजन, उंची, वडिलांचा संपर्क कळवा. जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार, डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि पालकांचं संमतीपत्र तयार ठेवा. दहावी सोडून पळू नका. हाड मोडून हा धंदा कधी थांबेल याचा नेम नसतो. बंगळूर आणि हैदराबादच्या क्लबांनाही अर्ज करायला हरकत नाही.

भरती नसेल तर ट्रेनरच्या तबेल्यात शिरण्याचा जुना रस्ता आहे: आधी घोड्याची सेवा, मग राइडिंग बॉय, म्हणजे सरावात घोडा पळवणारा पोरगा, मग अप्रेंटिस. पहाटे चारला उठून लीद काढणं, खरारा, पाणी, बँडेज. कंटाळवाणं वाटेल, पण इथेच हात तयार होतो. रोज सकाळी घोड्याच्या पुढच्या पायांच्या नळीमागून बोटं फिरवा आणि दोन्ही पायांची तुलना करा. एका पायाची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) गरम किंवा सुजलेली लागली, तर ताबडतोब ट्रेनरला सांगा. तसाच पळवला तर शीर तुटते आणि घोडा कायमचा बाद होतो.

वर बसल्यावर नव्या पोराची हमखास चूक एकच असते: तोल गेला की लगाम ओढतो. गाडीच्या ब्रेकसारखा लगाम धरला की थरोब्रेड तोंडातल्या कडीवर भार टाकून आणखी जोरात निघतो. पोरगा आणखी ओढतो, घोडा आणखी पळतो, आणि दोन फेऱ्यांनंतर दोघंही दमलेले. उपाय हाताचा नाही, पायाचा आहे. तोल घोट्यात आणि गुडघ्यात ठेवा. दोन्ही लगाम एकमेकांवर आडवे धरून त्यांचा पूल करा आणि मुठी मानेच्या मुळाशी टेकवा. मग घोडा ओढेल तो स्वतःच्याच मानेला. थांबवायचं तर हळूहळू अंग सरळ करत आणा. रिकिबी पहिल्या दिवसापासून जॉकीसारख्या आखूड करू नका. दर पंधरवड्याला एक-एक भोक वर घ्या. घाई केली तर गुडघे निसटतात, पाय मागे झुलतात आणि दर उडीला पाठीवर धपका बसून घोडा चिडतो.

मग घड्याळ. सकाळच्या सरावात ट्रेनर सांगतो, 'सहाशे चाळीसात आण', म्हणजे 600 मीटर 40 सेकंदांत, दर 200 मीटरला सव्वातेरा सेकंदांच्या आसपास. हलक्या कामाला 45 सेकंद, म्हणजे 200ला 15. रेसमध्ये हाच हिशेब 12च्या जवळ येतो. हातात घड्याळ नसतं, म्हणून खांब ते खांब मनात सेकंद मोजा आणि खाली उतरल्यावर ट्रेनरच्या स्टॉपवॉचशी ताडून पाहा. अर्ध्या सेकंदाच्या आत अंदाज यायला कित्येक महिने लागतात, पण ज्याला तो येतो त्याला सकाळचं काम आपोआप मिळतं. त्यानंतर गेट प्रॅक्टिस, म्हणजे रेस सुटते त्या फाटकातून निघण्याचा सराव, आणि मॉक रेस, म्हणजे सरावाची रेस. गेटमध्ये मानेवरचे केस चिमटीत धरा, उडी घेताना घोड्याच्या तोंडाला झटका बसत नाही. रेसमध्ये पुढे पुरेशी मोकळी जागा असल्याशिवाय आतल्या बाजूला घुसू नका. स्टुअर्ड, म्हणजे रेसचे पंच, फिल्म पाहतात आणि मागच्या घोड्याची वाट अडवली असेल तर निलंबन होतं. चाबकाचे फटकेही नियमाने मर्यादित आहेत.

पडणं चुकत नाही. लगाम सोडा, हनुवटी छातीला लावा, अंगाचा गोळा करून लोळा आणि मागचे घोडे जाईपर्यंत उठू नका. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरने सोडल्याशिवाय पुन्हा चढायचं नाही, स्वतःला कितीही ठणठणीत वाटलं तरी.

खाण्याचं काय? सेव-उसळ महिन्यातून एकदा, तीही अर्धी प्लेट, लीलो चेवडा विसराच. रोज अंडी, मूग, भाकरी, भाजी, ताक. वजन उतरवायचं तर आठवड्याला अर्धा ते एक किलो. आदल्या रात्री सॉनात बसून दोन किलो पाणी उडवणारा काटा जिंकतो, पण शेवटच्या 200 मीटरमध्ये त्याचे हात ढिले पडतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर बंदी आहे, तपासणीत सापडतात.

मुलींना दार बंद नाही. चेन्नईच्या रूपा सिंग व्यावसायिक जॉकी म्हणून नावाजल्या. हलकं अंग आणि मऊ हात या धंद्यात मोलाचे, पण राहण्याची सोय कशी आहे ते पालकांनी आधी स्वतः जाऊन पाहावं. कमाई म्हणजे दर रेसची फी आणि बक्षिसातला ठरलेला टक्का, त्यामुळे पहिली काही वर्षं हात आखडूनच राहावं लागतं. त्यात रेसच्या बेटिंगवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेला आहे, तेव्हा क्लबांचे दिवसही सोपे नाहीत.

लायसन्स हातात पडलं की रावपुऱ्यातून फोन सुरू होतील: 'काय रे, आज कोण?' जॉकीला स्वतः पैसे लावायला आणि टिप विकायला मनाई आहे. चुलत्यालाही सांगायचं नाही. सिद्ध झालं तर लायसन्स जातं.