‘ऑल-इन’ म्हणजे नेमकं काय? चिंचोके घेऊन शिका

‘मी या धंद्यात ऑल-इन आहे’ असं हल्ली ऑफिसात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. पुढच्याच वाक्यात कळतं, की नोकरी चालूच आहे आणि धंदा फक्त शनिवार-रविवार. मग शब्द चुकला. हा शब्द पोकरमधला आहे आणि तिथे त्याचा अर्थ अगदी काटेकोर आहे. एकदा हाताने खेळून बघितलात, तर बोलतानाही तो चुकणार नाही.

पैसे लागत नाहीत, लावूही नका. पैशांचा ऑनलाइन पोकर खेळवायला २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. पत्त्यांचा एक कॅट, वाटीभर चिंचोके आणि घरातली तीन माणसं पुरतात.

मांडणी. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मध्ये पाच पत्ते उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत भारी, तो जिंकतो. मधले पत्ते उघडण्याआधी आणि दर टप्प्यानंतर चिंचोके लावायचे. समोरच्याएवढे लावणं म्हणजे कॉल, वाढवणं म्हणजे रेझ, नको असेल तर पत्ते टाकायचे. तीन पत्ती खेळणाऱ्याला हे लगेच कळेल.

मर्यादा ओळखा. डाव सुरू होताना तुमच्यासमोर जेवढे चिंचोके आहेत तेवढेच त्या डावात लावता येतात. मध्येच खिशातून काढायचे नाहीत, घड्याळ किंवा घराचे कागद टेबलावर टाकायचे नाहीत. आपल्याला ‘सर्वस्व पणाला लावणं’ म्हटलं की युधिष्ठिर आठवतो: राज्य गेलं, भाऊ गेले, स्वतः गेला आणि मग द्रौपदी. पोकरच्या टेबलावर राज्य संपलं तिथेच त्याचा डाव थांबला असता. ऑल-इन म्हणजे समोरचं सगळं; घरचं सगळं नव्हे. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

शब्द आधी, चिंचोके नंतर. आपली पाळी आल्यावर स्पष्ट म्हणा, ‘ऑल-इन’. तोंडातून शब्द गेला की तो बांधील. परत घेता येत नाही. मग सगळी रास एकदम पुढे सरकवा. थोडे टाकून, समोरच्याचा चेहरा बघून आणखी टाकणं चालत नाही.

वाटणी नीट करा. नवे लोक हमखास इथेच अडकतात. समजा मावशीकडे २० चिंचोके, तुमच्याकडे ५०, भावाकडे ८०. मध्ये आधीचं काही नाही. मावशी ऑल-इन म्हणते. तुम्हीही म्हणता. भाऊ तुमच्याएवढे म्हणजे ५० लावतो. त्याचे ३० त्याच्याजवळच राहतात. आता मध्ये दोन राशी करा. पहिलीत प्रत्येकाचे २०, म्हणजे ६०. या राशीवर तिघांचा हक्क. दुसरीत तुमचे ३० आणि भावाचे ३०, तेही ६०. पण त्यावर मावशीचा हक्क नाही. मावशीचे पत्ते सर्वांत भारी निघाले तरी तिला पहिलीच रास मिळेल, दुसरीचा निकाल तुमच्या आणि भावाच्या पत्त्यांवर लागेल. जेवढं लावलंत, तेवढंच प्रत्येकाकडून जिंकता येतं. मावशीला पुढे काही लावायचं नाही, कुणी तिला डावातून घालवूही शकत नाही. ती फक्त पत्ते उघडायची वाट बघते.

कधी म्हणायचं? ऑल-इन दोन वाटांनी जिंकतो: पत्ते भारी असले तर, किंवा समोरच्याने घाबरून टाकले तर. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या शेवटच्या लढतीत ख्रिस मनीमेकरकडे जोडीसुद्धा नव्हती. पाचवा पत्ता उघडल्यावर तो ऑल-इन गेला. सॅम फर्‍हाकडे नव्व्यांची जोडी होती, त्याने पत्ते टाकले. ती स्पर्धा मनीमेकर जिंकला.

पण रोज हे करू नका. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोरही साधारण ८२ टक्केच वेळा जिंकते. दर वेळी ८० टक्के संधी धरली, तरी सलग पाच ऑल-इन जिंकण्याची शक्यता जेमतेम ३३ टक्के उरते.

बोलताना. दोन गोष्टी तपासा: हातात होतं ते सगळं लावलं का, आणि आता माघार बंद झाली का? नोकरी सोडून, साठवलेलं भांडवल घालून कुणी खानावळ उघडली, तर ‘ती ऑल-इन गेली’ हे चोख वाक्य. ‘गोव्याच्या ट्रिपला मी ऑल-इन’ म्हणायचं असेल तर ‘मी नक्की येतो’ पुरतं. विक्रेता ‘ऑल-इन किंमत’ म्हणतो तेव्हा त्याला ‘सगळं धरून’ म्हणायचं असतं. त्याचा पत्त्यांशी संबंध नाही. आणि एखाद्याने घर गहाण टाकून, वर उसने घेऊन पैसे लावले, तर त्याला ऑल-इन म्हणू नका. ते टेबलाबाहेरचं आहे. त्याला आपल्याकडे ‘पणाला लावलं’ हाच शब्द आहे.