सणासुदीच्या गडबडीत विणायची गिफ्ट्स: पहिला टाका घालायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी लोकर नाही, कॅलेंडर काढा. गिफ्ट ज्या दिवशी त्या माणसाच्या हातात पडायला हवं ती तारीख लिहा आणि तिथून मागे मागे मोजत या. कुरियरने पाठवायचं असेल तर सीझनमध्ये पार्सलं अडकतातच, त्यामुळे आठ-दहा दिवस तिथेच वजा करा, मग धुऊन आकाराला आणून वाळवायचे तीन दिवस वजा करा, धाग्याची सुटी टोकं आत खोचायला आणि बटणं लावायला एक अख्खी संध्याकाळ वजा करा, आणि त्यानंतर जे उरेल तेवढेच विणायचे दिवस. बरेच जण उलट बाजूने धरतात, म्हणजे आजपासून महिना आहे म्हणजे भरपूर वेळ आहे, पण त्याच महिन्यात घरची साफसफाई, पाहुणे, खरेदी, ऑफिसची वर्षभर तुंबलेली कामं हे सगळं येऊन पडणार असतं. रोज दोन तास मिळतील असं धरूच नका. पाऊण तास धरा, आणि आठवड्यातला एक दिवस काहीच होणार नाही असं धरा.

मग नावं. ज्यांना द्यावंसं वाटतंय त्या सगळ्यांची नावं एकदा मोकळेपणाने लिहून काढा आणि मग शांतपणे बसून त्यांचे तीन भाग करा: यांना नक्की विणायचं, यांना जमलं तर, आणि यांना काहीतरी छान विकत आणूया. तिसऱ्या भागात नाव गेलं म्हणजे प्रेम कमी असं अजिबात नाही. काही माणसांना लोकर टोचते, काहींना डोक्यावर टोपी सहनच होत नाही, काहींच्या घरी सगळे कपडे मशीनमध्ये गरम पाण्यात एकत्र जातात आणि तिथे हाताने धुवायची शाल देणं म्हणजे त्यांच्यावर एक काम टाकणं. माझं स्पष्ट मत आहे की विणलेली वस्तू अशा माणसाला द्यावी जो ती वापरेल, वापरून वापरून जुनी करेल. आणि पहिल्या भागात माणसं कमीच ठेवा, कारण घाईत उरकलेल्या पाच वस्तूंपेक्षा मन लावून केलेल्या दोन जास्त वापरल्या जातात. रंग कुठला घ्यायचा कळत नसेल तर त्या माणसाचे फोटो चाळा, कोणते रंग तो सारखे घालतो ते लगेच दिसतं, आपल्याला आवडणारा रंग आपल्यासाठी ठेवा.

आता खरा मुद्दा, तो म्हणजे वेळ टाक्यांमध्ये मोजायचा. एकदा घड्याळ लावून दहा मिनिटं नेहमीच्या स्पीडने विणा आणि मिनिटाला किती टाके होतात ते बघा, तोच तुमचा आकडा, दुसऱ्या कोणाचा उपयोगाचा नाही. समजा २० टाके होतात. आता साधा मफलर घ्या, २० सेमी रुंद आणि १५० सेमी लांब, मध्यम बारीक लोकर, १० सेमीत २२ टाके आणि ३० ओळी. म्हणजे एका ओळीत ४४ टाके, एकूण ४५० ओळी, गुणाकार केला की १९,८०० टाके, म्हणजे साडेसोळा तास, म्हणजे रोज पाऊण तासाने २२ दिवस, तेही एकही ओळ न उसवता. त्याच लोकरीची मोठ्या माणसाची टोपी साधारण ११० टाक्यांची, वरचे कमी होत जाणारे टाके धरून साडेसहा हजार टाक्यांच्या आसपास, साडेपाच तास, आठवड्याभरात होते. आणि तोच मफलर चांगल्या जाड लोकरीत, जिथे १० सेमीत १२ टाके आणि १६ ओळी बसतात, तिथे फक्त २४ टाके आणि २४० ओळी, एकूण ५,७६०. जाड सुयांवर हात थोडा हळू चालतो म्हणून सहा तास धरा, तरी २२ दिवसांचं काम आठ दिवसांवर आलं! हा हिशोब केल्याशिवाय लोकर घ्यायला जाऊच नका, कारण दुकानात समोर ती मऊ बारीक लडी दिसली की सगळा विचार गळून पडतो. बारीक लोकरीच्या जाळीच्या शाली, पूर्ण स्वेटर, दोन-तीन रंगांच्या नक्षीचे मोजे हे सुंदरच असतं पण ते निवांत महिन्यांचं काम आहे, या दिवसांत टोप्या, जाड मफलर, कानपट्ट्या, बोटं उघडी राहणारे हातमोजे आणि लहान बाळांच्या वस्तू एवढंच धरा.

लोकर घेताना लेबल वाचा, नुसता हात लावून घेऊ नका. लेबलवर रंगाच्या नंबरशेजारी लोकर रंगवलेल्या खेपेचा नंबर म्हणजे डाय लॉट असतो, सगळ्या गुंड्यांवर तो एकच हवा, कारण दुकानातल्या लाइटमध्ये सारखे दिसणारे दोन लॉट उन्हात एकाच मफलरवर चक्क पट्टा दाखवतात. एक गुंडा जास्तीचा घ्या आणि न वापरलेला परत घेतात का ते विचारून ठेवा. मध्यम बारीक लोकरीचा १०० ग्रॅमचा गुंडा साधारण २०० ते २५० मीटर भरतो, टोपीला एक पुरतो, वरच्या मफलरला दोन लागतात, सैल हात असेल तर तिसरा उघडावा लागू शकतो. पण ग्रॅमवर नाही तर मीटरवर हिशोब करा, कारण जाड लोकरीत तेच १०० ग्रॅम निम्म्याच मीटरमध्ये संपतात. टोचते का हे बोटांना कळत नाही, बोटांची कातडी निबर असते, गुंडा मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा वेळ लावून ठेवा, तिथे खाज आली तर गळ्यात घालायची वस्तू त्या लोकरीची नको. घरी मशीनच चालतं अशांसाठी सुपरवॉश म्हणजे मशीनमध्ये न आटणारी लोकर, अ‍ॅक्रिलिक किंवा कॉटन घ्या, साधी शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आणि हो, काळा, गडद निळा, गडद तपकिरी हे रंग रात्री ट्यूबलाइटखाली विणायला फार त्रासाचे, टाकेच दिसत नाहीत. दिवसा वेळ मिळणार नसेल तर हलका रंग घ्या, डोळ्यांवर उपकार होतील.

सुयांचं थोडक्यात सांगते पण नीट वाचा. नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते आणि अमेरिकन पद्धतीत नंबर वाढला की जाड, म्हणजे ब्रिटिश ८ नंबर ४ मिमीची आणि अमेरिकन ८ नंबर ५ मिमीची, आणि नमुना कुठून घेतलाय हे न बघता ८ नंबर उचलली तर टोपी सरळ एक साइज मोठी नाहीतर लहान. गोल सुई असेल तर तिची वायर जिथे सुईला जोडलेली असते तिथे नख फिरवून बघा, खाच लागली तर लोकर प्रत्येक फेरीला तिथेच अडकणार, ती सुई बाजूला ठेवा. त्याशिवाय एका छोट्या डबीत मोजायची टेप, बोथट टोकाची लोकरीची सुई, छोटी कात्री, सुटलेला टाका वर घ्यायला क्रोशाची सुई आणि खुणेच्या रिंगा, त्या नसल्या तरी वेगळ्या रंगाच्या धाग्याचे फास चालतात. हे सगळं आधी एकत्र केलेलं असलं की रोजच्या पाऊण तासातली दहा मिनिटं शोधाशोधीत जात नाहीत.

तुकडा विणून बघायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण अंगावर मापात बसायला हवी अशी कुठलीही वस्तू असेल तर तो विणाच. १५ सेमीचा चौकोन विणा, जसं गिफ्ट धुतलं जाणार आहे तसा धुवा, वाळवा आणि मग मधल्या १० सेमीतले टाके मोजा, कडेचे मोजू नका, कडा नेहमी ओढल्या जातात. फरक किती पडतो बघा: ११० टाके, १० सेमीत २२ असतील तर घेर ५० सेमी, आणि तुमच्या हाताला २० बसत असतील तर घेर ५५ सेमी, म्हणजे टोपी डोळ्यांवर. टोपी गोल विणणार असाल तर तुकडाही गोलच विणा, बऱ्याच जणांचे उलट टाके सुलटपेक्षा सैल पडतात आणि सपाट तुकड्यात ते कळून येत नाही. मफलरला मात्र दहा-पंधरा ओळी विणून पोत आवडला की पुढे चला, तिथे दोन सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही. फक्त मफलर नुसत्या एक ओळ सुलट एक ओळ उलट विणीत करू नका, तो कडांना गुंडाळत जातो आणि इस्त्रीनेही सरळ राहत नाही, सगळ्या ओळी सुलट किंवा दोन सुलट दोन उलट अशी वीण घ्या, सपाट बसते आणि दोन्ही बाजूंनी छान दिसते.

मापं गुपचूप काढायची असतात हीच मजा आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५८ सेमी असतो आणि टोपी त्यापेक्षा ४-५ सेमी कमी विणायची म्हणजे ती ताणून नीट बसते. मोज्यांना पावलाचा घेर दहावा हिस्सा कमी. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेमी, पण बाळं भराभर वाढतात, म्हणून बाळासाठी जन्माचं माप न धरता पुढच्या तीन महिन्यांचं धरा. आणि बाळाच्या वस्तूंवर लांब नाड्या, गोंडे, सहज तुटून हातात येतील अशी बटणं लावूच नका, टोपी झोपताना काढून ठेवायची हेही आईबाबांना आवर्जून सांगा. कितीही गोंडस दिसत असलं तरी इथे तडजोड नको.

एका वेळी दोन कामं सुरू ठेवा, त्यापेक्षा जास्त नाही. एक घरचं, ज्यात मोजत राहावं लागतं, आणि एक पिशवीतलं, ज्यात डोकं लागत नाही, म्हणजे बसमध्ये, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यावर, मुलांचा क्लास सुटेपर्यंत ते चालतं. पाच मिनिटं, सात मिनिटं असे तुकडे मिळून दिवसाचा अर्धा तास सहज होतो, ही खरी कमाई. हातमोजे किंवा मोजे असतील तर दोन्ही बरोबर विणा, नाहीतर एक पूर्ण झाल्यावर दुसरा सुरू करायला हातच पुढे येत नाही. मोज्यांसाठी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर गुंडा मोजून आधीच दोन सारखे भाग करून घ्या. सणाच्या गर्दीत काम खाली ठेवताना नेहमी ओळ पूर्ण करूनच ठेवा, अर्ध्या ओळीवर सोडलेले टाके सुईवरून घरंगळतात, आणि कुठल्या ओळीवर आहोत ते लगेच लिहा, मोबाइलमध्ये नाही, कामाबरोबरच ठेवलेल्या कागदावर.

हातांची काळजी तयारीतच धरा. एरवी आठवड्याला तास-दोन तास विणणारा माणूस एकदम रोज तीन तास विणायला लागला की मनगट आणि अंगठ्याचा सांधा धरतो. दर अर्ध्या तासाने सुया खाली, बोटं पूर्ण उघडा-मिटा, खांदे सैल सोडा. मुंग्या आल्या किंवा दुखलं तर त्या दिवशी थांबायचं, एक दिवस गेला तरी चालेल पण दुखावलेला हात महिनाभर कामाचा राहत नाही.

आता मध्ये एक तारीख लाल पेनने टाका, देण्याच्या, किंवा कुरियर असेल तर पाठवायच्या, दिवसाआधी साधारण दोन आठवडे. त्या दिवशी सगळी कामं समोर पसरून बघायची. निम्म्यापेक्षा कमी झालेलं काम या वर्षी होणार नाही असं सरळ मान्य करा आणि 'जमलं तर'वाल्या नावांसाठी त्याच दिवशी दुसरी सोय करा, शेवटच्या दोन रात्री जागून विणलेल्या ओळी ताठ येतात आणि उसवायला जास्त वेळ जातो. मफलर थोडा आखूड करून चालत असेल तर करा, फक्त शेवटी टाके बंद करायला रुंदीच्या चौपट धागा शिल्लक आहे ना ते आधी बघा.

शेवटचे तीन दिवस धुण्या-वाळवण्याचे, ते विणकामात घालवू नका. बादलीत कोमट पाणी, थोडा शाम्पू, वस्तू वीस मिनिटं नुसती बुडवून ठेवा, चोळू नका, पिळू नका. बाहेर काढताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या म्हणजे स्वतःच्या वजनाने लांबत नाही, मग जाड टॉवेलवर पसरून टॉवेलची गुंडाळी करा आणि त्यावर उभं राहून पायांनी दाबा, इतकं पाणी निघतं की टॉवेल जड होतो. नंतर दोरीवर नाही, सपाट जागेवर हाताने माप देत पसरा. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री टेकवू नका, उष्णतेने धागा कायमचा लुळा पडतो. टोकं कापायची ती वाळल्यावरच, आधी नाही.

पॅक करताना सोबत एक छोटं कार्ड ठेवा, त्यावर लोकर कशाची आहे आणि कसं धुवायचं ते दोन ओळींत, आणि त्याच लोकरीचा दोन-तीन मीटरचा धागा गुंडाळून ठेवा, पुढे कुठे भोक पडलं तर दुरुस्तीला लागतो. तुमच्या वहीतही माणसाचं नाव, माप, सुई किती मिलिमीटरची, किती टाके घातले आणि लोकरीचं लेबल चिकटवून ठेवा, कारण चार महिन्यांनी एक हातमोजा हरवल्याचा फोन येतो आणि तेव्हा जोडीचा विणून द्यायला हेच पान उघडावं लागतं.